पारव्यांची पंगत

॥ श्री ॥

मु. सडेवाडी, ता. मंडणगड
६ डिसेंबर १९३४

चि. भिकाजीस आप्पांचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. भात झोडून झाले. तुझ्या आईचा गुडघा थंडीने धरला आहे. तोंडाला अजून काही झालेले नाही.

पत्रास कारण तुझी बहीण राही. गुहागरचे महिपतराव आपल्या मुलासाठी, केरूसाठी, तिला पाहून गेले, त्यास वर्ष होत आले. मुलगी पसंत आहे, पण त्यांच्या घरात सोयरीक शिकारीच्या जेवणावर पक्की करतात. गेल्या साली ते दिवसभर आपल्या कुळथाच्या मळ्यात बंदूक घेऊन बसले आणि एकही रानपारवा उतरला नाही. पुढच्या साली बघू म्हणून गेले. आता जानेवारीत परत येतात. तिकडे खेडचा बिजवर शिमग्यापर्यंत उत्तर मागतो आहे. यंदाही पारवे आले नाहीत, तर मुलगी खेडला द्यावी लागेल.

तुझ्या साहेबाला पाखरांचा नाद आहे असे तू लिहिले होतेस. तो पारवे कसे उतरवतो ते विचारून कळव. केरू तुझ्याच खोलीत राहतो. त्याच्याजवळ यातले अक्षर काढू नकोस. प्रकृतीस जप. हे आशीर्वाद.

---

मुंबई, १९ डिसेंबर १९३४

तीर्थरूप आप्पांचे चरणी बालक भिकाजीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचले. साहेब विलायतेस परत चालला. त्याचे सामान लोकांनी उचलून नेले, पण लाकडी पारव्यांची एक टोपली कुणी घेतली नाही. ती त्याने मला दिली. बाणकोटच्या बोटीने पाठवतो आहे.

तिकडे हे पारवे शेतात मांडून ठेवतात. वरून जाणाऱ्या खऱ्या पारव्यांना वाटते की खाली आपलीच माणसे चरत आहेत, आणि ते उतरतात. मांडताना सगळ्यांची तोंडे वाऱ्याकडे करावीत, लांबलांब आणि विस्कळीत ठेवावेत. आपण आडोशामागे गप्प बसावे. या लाकडी पारव्यांच्या मानेवर पांढरा पट्टा आहे, तो आपल्याकडच्या पारव्यांना नसतो. साहेब म्हणाला, पाखरू एवढे पाहत नाही. पाखराने त्याला हे कधी सांगितले ते मी विचारले नाही.

केरूला काही बोललो नाही. तो मात्र गावचे पत्र आले की आधी राहीचे नाव शोधतो. खोकला झाला आहे त्याला. आईस सा. न. लोभाची सावली आहेच, ती राहावी.

---

सडेवाडी, २१ जानेवारी १९३५

ती. दादास राहीचा शि. सा. न. वि. वि.

आप्पा तुला सोयरीक जमली एवढेच लिहिणार आहेत. बाकीचे मी लिहिते.

तुझे पारवे आप्पांनी आणि शेजारच्या भागोजीकाकांनी मळ्यात मांडले. समोरासमोर, दोन सरळ ओळींत, पंगतीला बसवावे तसे. तोंडे वाऱ्याकडे हवीत असे मी सांगितले. त्यावर आप्पा म्हणाले, एकमेकांकडे पाठ करून जेवायला बसणे कुठल्या घरात चालते? सोयरे यायचे आहेत, पाखरे वेडीवाकडी बसलेली बरी दिसणार नाहीत.

महिपतराव आले. ही पाखरे लाकडाची आहेत हे त्यांना चहा झाल्यावर सांगायचे ठरले होते. ते चहाला थांबले नाहीत, थेट आडोशामागे जाऊन बसले. तेवढ्यात खरे पारवे आले. डोक्यावर दोन घिरट्या घातल्या, उंबरावर बसून पंगत नीट पाहिली आणि निघून गेले. आमंत्रण नाही असे त्यांना वाटले असावे.

मग महिपतरावांनी बार काढला. काही हलले नाही. दुसरा काढला. एक पारवा कलंडला, बाकीचे जागचे उठले नाहीत. महिपतराव म्हणाले, आमच्या गुहागरची पाखरे बारासरशी पळतात; तुमच्याकडची पंगत मोडत नाहीत, यावरून घराची रीत कळते. आप्पांनी मान डोलावली. भागोजीकाकांनी धावत जाऊन पडलेल्या पारव्यावर कांबळे टाकले आणि तसाच उचलून घरी आणला. आईने आपला तांबडा कोंबडा कापला. पारवा कोवळा आहे असे म्हणत महिपतराव दोनदा वाढून घेऊन जेवले, आणि हात धुताना त्यांनी शब्द दिला. लग्न वैशाखात.

आता लग्नाला ते भावांना बंदुकांसकट आणणार आहेत, याच मळ्यावर. तेव्हापासून आप्पांचे जेवणावर लक्ष नाही. खरे सांगू या म्हटले की उद्या म्हणतात. दादा, खरे सांगितले तर महिपतराव सोयरीक मोडतील, आणि मग खेड आहेच. मला खेडला जायचे नाही. पण लाकडी पाखरावर नांदायलाही जायचे नाही. म्हणून तू केरूंना सगळे सांग. कोंबड्याचेही सांग.

केरूंचा खोकला थांबला का? आईने विचारले आहे. माया आहे तशी असू दे.

---

मुंबई, ३१ जानेवारी १९३५

चि. राहीस भिकाजीचे अ. उ. आ.

सांगितले. केरू म्हणाला, वडिलांना मी लिहितो, आणि दौत मागून घेतली. त्याने काय लिहिले ते मला दाखवले नाही. आप्पांना इतक्यात कळू देऊ नकोस. खोकला थांबला. आईला या खोकल्याची एवढी काळजी कधीपासून, तेवढे कळव.

---

गुहागर, १४ फेब्रुवारी १९३५

राजमान्य राजश्री आप्पा यांसी महिपतचा रामराम. वि. वि.

चि. केरूचे पत्र आले. पारवे लाकडी होते आणि कोंबडा कोंबडाच होता, असे त्याने कळवले आहे. आपल्या मुलीच्या सांगण्यावरून हे कळवतो, असेही लिहिले आहे.

मला ते ठाऊक होते. पहिल्या बाराला कुणी उठले नाही तेव्हा संशय आला, दुसऱ्याला खात्री झाली. शिवाय पारव्याची तंगडी एवढी असती, तर मी बंदूक न घेता दांडके घेऊन आलो असतो. बोललो नाही याचे कारण असे, की इतकी वर्षे मी बंदूक वाहतो आहे, पण माझ्या हातून एक पाखरू पडलेले नाही. थोरल्या मुलाच्या सोयरिकीला तितर विकत आणून, मीच मारले असे सांगितले. आपल्याकडे निदान काहीतरी पडले. मीही चूप, तुम्हीही चूप, असे चालले असते. आपल्या मुलीने ते चालू दिले नाही. माझ्या घरात असे माणूस आजवर नव्हते.

तेव्हा शब्द कायम. मुहूर्त आपण धरावा. बंदुका आणणार नाही. भावांना खरे काय ते मी स्वतः सांगेन.

एक अडचण आहे. पहिला बार चुकला होता. पाखरू लाकडाचे, बसलेले, आणि तरी चुकला. लागलेला बार तेवढा सांगून हा सांगितला नाही, तर ते खोटे धरले जाईल काय, हे चि. राहीला विचारून कळवावे. तिचे उत्तर येईपर्यंत मी भावांपाशी काही बोलत नाही.

सोयरेपणाचा जिव्हाळा नवा आहे, तो जपावा. रामराम.