कथबर्ट ब्रूइसच्या घरची पाहुणी

मी, विनिफ्रेड ब्रूइस, वय सहासष्ट, अविवाहित, निवृत्त शिक्षिका, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण संतापात लिहीत आहे. संतापामुळे शुद्धीला बाधा आलेली नाही. कॉन्व्हेंटमध्ये आम्हांला दोन्ही एकदम सांभाळायला शिकवले होते.

१. राहते घर मी कोणालाही देत नाही, कारण ते मळ्याच्या मालकाचे आहे. वडील त्याच्या मळ्यावर मजूर होते, धाकटा भाऊ कथबर्टही आहे. मजुरी आहे तोवर छप्पर.

२. माझा पलंग, भिंतीवरचे घड्याळ, चहाची किटली आणि सलगमाच्या मळ्यातले वडिलांचे खुरपे कथबर्टला द्यावे. मात्र एका अटीवर.

३. अट अशी. मी आठ वर्षे या घरात राहत होते, स्वयंपाक करत होते, कथबर्टचे मोजे रफू करत होते. तरीही १८९१च्या शिरगणतीत त्याने माझ्या नावापुढे ‘पाहुणी’ असे सांगितले. ते ‘बहीण’ असे दुरुस्त करून घ्यावे.

जाब विचारला तेव्हा म्हणाला, "अगं ताई, मालकाची रीत तुला ठाऊक आहे. मजुराच्या घरात बाई असली की तिनं मळ्यात राबायचं. बहीण म्हटलं असतं तर तुला सलगम उपटायला नेलं असतं."

"त्रेसष्टाव्या वर्षी?"

"तुझा आवाज ऐकून तुला कोण म्हातारी म्हणेल?"

येथे नोंदवते की १८५१ साली, मी बाहेरगावी शिकवत असताना, शिरगणतीवाल्याने "या छपराखाली आणखी कोण झोपतं?" असे विचारल्यावर आमच्या सत्यवचनी वडिलांनी थंडीमुळे स्वयंपाकघरात घेतलेल्या डुकरिणीचेही नाव सांगितले. डॉर्कस, भाडेकरू, अविवाहित, वय दोन. आईने हे मला अभिमानाने सांगितले. म्हणजे सरकारदरबारी या घरात डुकरिणीचा मुक्काम आहे, मी आपली येऊन-जाऊन.

४. माझी प्रार्थनेची पुस्तके कॉन्व्हेंटला. छत्री मालकिणीला द्यावी. तीन वर्षांपूर्वी नेली आहे, आता निदान लपवू नये.

येथवर लिहून साक्षीसाठी किराणा दुकानदार अँड्र्यू थ्यू यांना बोलावले. ९१ची शिरगणती त्यांनीच केली होती. तिसरे कलम वाचून ते म्हणाले, "बाई, ती वही केव्हाच लंडनला गेली. आता थेट १९०१."

"तोवर मी टिकणार नाही."

"मग तर नोंदच व्हायची नाही."

दुसरी साक्षीदार, मेंढपाळाची बायको, मेंढ्या विताहेत म्हणून आलीच नाही. कथबर्ट दारात टोपी चुरगाळत उभा होता. म्हणाला, "ताई, वही गेली तर जाऊ दे. या कागदावर मला तुझा भाऊ म्हणून साक्षीदार लिही. मी कुठं फुली मारू?"

मी त्याला स्पष्ट सांगितले, "मूर्खा, साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. कायदा आहे. पलंग, घड्याळ, खुरपं, सगळं जाईल."

"किटलीपण?"

"किटलीपण."

त्याने एकदा किटलीकडे पाहिले. मग म्हणाला, "दौत इकडे सरकव."

सबब कलम २ निरर्थक झाले आहे. नवा कागद मी लिहिणार नाही.

विनिफ्रेड ब्रूइस
मळ्यावरील मजुरांची चाळ, नॉर्थम्बरलंड
१२ एप्रिल १८९४

आम्हा दोघांसमक्ष सही झाली :
अँड्र्यू थ्यू, दुकानदार
✗ कथबर्ट ब्रूइस, शेतमजूर, विनिफ्रेडचा भाऊ