मेळानंतरचा ठोका

३ मार्च, मंगळवार
उपटली वायर! भिंतीतून सरळ ओढली. पोरीच्या खोलीत रेकॉर्डिंग चाललंय हे मला काय ठाऊक? पहाटपाळी करून आलेली, डोकं ठणकत होतं, आणि भिंतीपलीकडे माझीच मुलगी दारात बोट चेमटल्यासारखी किंचाळत होती. "ही काय बोंबाबोंब लावली आहे!" म्हणाले. तिच्या चौघांच्या बँडचा ड्रमवाला खाली बघत बसला. चार तासांची मेहनत पाण्यात गेली म्हणे. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली, "आई, सोळा तारखेला आम्ही सगळे दुसऱ्या शहरात जातोय. तिकडेच राहणार."

५ मार्च, गुरुवार
बोलत नाही. ताट घेऊन खोलीत जाते.

९ मार्च, सोमवार
जिन्यात ड्रमवाला भेटला. त्याच्याकडून त्या गाण्याचं तालमीतलं जुनं रेकॉर्डिंग मोबाइलवर मागून घेतलं. नक्की ना मावशी, असं त्यानं दोनदा विचारलं.

बसमध्ये ऐकलं. याला गाणं म्हणतात? आधी किंकाळी. लगेच अंगाईसारखं काहीतरी. मध्येच ट्रम्पेट, मग पाय हलवायला लावणारा ठेका — तो जरा अंगवळणी पडतोय तोवर पुन्हा किंकाळी. कशाला काही धरबंदच नाही. राग आला. उतरायच्या आधी परत लावलं.

१२ मार्च, गुरुवार
अकरा वेळा ऐकलं. लिहायलाही लाज वाटते — आवडतंय!

का ते आज कामावर कळलं. हॉस्पिटलच्या चादरी धुणारी आमची सहा मशिनं. प्रत्येकाची चाल वेगळी, सहावं तर लंगडंच. दिवसभर नुसता गोंधळ. पण मधूनच कधीतरी सहाही एकदम आदळतात — धप्प! त्याला आम्ही मेळ म्हणतो. मेळ झाला की पुढच्याच ठोक्याला सगळ्या बायकांनी टेबलावर थाप मारायची. जिची चुकली तिनं चहा करायचा. बावीस वर्षं हेच चाललंय. पोरगी पाच वर्षांची होती तेव्हा घरी सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून घडी केलेल्या चादरींवर बसून असायची. तिची थाप कधी चुकली नाही.

या गाण्यातही तेच. चौघं चार दिशांना सुटतात, आता सगळं कोसळणार म्हणून माझी छाती धडधडते — आणि धप्प! चौघं एका जागी. मग एक ठोका काहीच नाही. मग पुन्हा दाणादाण. इतका गोंधळ ऐकून इतकं हलकं कसं वाटतं कुणास ठाऊक.

हे तिला सांगायला तिच्या दारापर्यंत गेले. हात वर केला, पण दार वाजवलं नाही. ती अशीच न बोलता गेली तर?

१५ मार्च, रविवार
परत घाण केली.

दुपारी त्यांचा कार्यक्रम होता, एका जुन्या गोदामात. मला बोलावलं नव्हतं, तरी गेले. मागे लोखंडी कठड्याला धरून उभी राहिले. पोरं एकमेकांवर आदळत होती, पडलेल्याला तीच उचलत होती. शेवटच्या गाण्याआधी ड्रमवाल्यानं सगळ्यांना विनवलं, की घरचं रेकॉर्डिंग वाया गेलंय, आता इथे होईल तेच रेकॉर्डिंग खरं, तेव्हा मधल्या शांततेत कृपा करून कुणी आवाज करू नका.

ऐकलं होतं मी! कानांनी ऐकलं होतं. पण ती किंचाळायला लागली आणि माझं भानच गेलं. सगळं फुटत गेलं, फुटत गेलं — धप्प! — आणि नेमक्या त्या शांततेत माझ्या हातानं कठड्यावर सणसणीत थाप मारली. घंटेसारखी घुमली. सगळ्या माना वळल्या. तिनं मला पाहिलं. पाठ फिरवून गात राहिली.

मी तशीच बाहेर पडले.

१६ मार्च, सोमवार
गेली. "येते" म्हणाली, तेही बॅग उचलताना. माझ्या तोंडून सॉरीसुद्धा निघालं नाही. मूर्ख बाई!

१८ मार्च, बुधवार
ड्रमवाल्याचा मेसेज. रेकॉर्डिंगवाला थाप कापून टाकतो म्हणाला, तर हिनं त्याला अडवलं. म्हणाली, "राहू दे. ती जागा आईचीच होती."

आज कामावर मेळ झाला, माझी थाप चुकली. चहा मी केला.