राखणीला ठेवलेला उतारा

नाशिक रोड,
गुरुवार

तीर्थस्वरूप भिमाजीदादा यांस (यातल्या 'तीर्थ' शब्दाला तुमची हरकत असल्यास नुसते 'स्वरूप' वाचावे),

धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे रवीचा, वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता काय म्हणतो? वहिनींचा खोकला थांबला का? निफाडला थंडी उतरली असेल आणि बागेत द्राक्षांची तोड सुरू झाली असेल, असा अंदाज आहे. आम्ही दोघे धडधाकट आहोत. फक्त दोन्ही वेळा मिसळ खाऊन मला जरा जळजळ होते, त्याचे कारण पुढे येईलच. पत्र कशाला, फोन नाही का करता येत, असे तुम्ही म्हणाल. दादा, फोन केले होते. भाऊबीजेपासून तुम्ही आमच्या घरचा फोन उचलत नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मी रोज सकाळी धाडतो त्या सुविचारांनाही उत्तर देत नाही (एकदा दिले होते, 'पुरावा?' एवढेच). पत्र मात्र तुम्ही शेवटपर्यंत वाचणार, कारण शुद्धलेखन तपासल्याशिवाय कोणताही लिहिलेला कागद तुम्ही खाली ठेवत नाही, हे मला साखरपुड्यापासून ठाऊक आहे.

तर तुमच्या बहिणीने, प्रतिभाने, पतसंस्थेतली नोकरी सोडली आणि मिसळीचा ट्रेलर घेतला, हे तुमच्या कानावर आले असेलच. चाकांवरचे छोटे स्वयंपाकघरच म्हणा ना. एका बाजूची फळी वर उचलली की दुकान सुरू. तो तिने इंदूरहून घ्यायचा ठरवला, कारण तिथे वापरलेला पण चांगला मिळत होता. आमची जुनी व्हॅन घेऊन आम्ही दोघे गेलो, ट्रेलर मागे जोडला आणि वाजतगाजत निघालो. सेंधव्याचा घाट उतरलो आणि व्हॅनच्या इंजिनाने जे राम म्हटले ते म्हटलेच. मी रस्त्याकडेला उभा राहून देवाचा धावा करत होतो (माफ करा, सवय आहे). तेवढ्यात प्रतिभाने हात करून मालेगावचा एक रिकामा पिकअप थांबवला. ड्रायव्हरचे नाव अन्सार. माणूस देवासारखा (पुन्हा माफ करा). त्याने लोखंडी रॉड काढला आणि टोचन लावले. ओढून नेण्याला रस्त्यावर 'टोचन' म्हणतात, हे मला तेव्हा कळले. पुढे अन्सारचा पिकअप, त्याला टोचलेली आमची व्हॅन, तिच्या मागे ट्रेलर. वेग म्हणाल तर वरातीचा. रॉड दोनदा तुटला, दोनदा जोडून घेतला. त्यामुळे एका दिवसाच्या वाटेत आम्हाला दोन ठिकाणी मुक्काम पडला.

पहिला मुक्काम शिरपूरच्या पुढे एका ढाब्यावर. ढाबेवाल्याने चहाबरोबरच सांगून टाकले की इथून गाड्या जातात, चाके जातात, गेल्या महिन्यात तर एकाची उभी ट्रॉली गेली. प्रतिभाचे सगळे जग त्या ट्रेलरमध्ये होते. शेगड्या, पातेली, तिने स्वतः निवडलेल्या स्टीलच्या खोलगट ताटल्या. तो गेला असता तर पुन्हा घ्यायची ताकद आमच्यात नव्हती, आणि तुम्ही 'मी म्हणत नव्हतो?' म्हणाला असतात ते वेगळेच. राखणीची जबाबदारी मी पुरुषासारखी अंगावर घेतली. ट्रेलरचे चाक साखळीने बाभळीला बांधले. त्याला नवे कोरे, मुठीएवढे कुलूप घातले. शिवाय एक सुतळी ट्रेलरच्या दाराला बांधून तिचे दुसरे टोक माझ्या पायाच्या अंगठ्याला बांधले, म्हणजे चोराने दार ओढले की मी ओढला जाईन. युक्ती बिनतोड होती. सकाळी उठून पाहतो तर सुतळी जागच्या जागी, साखळीही जागच्या जागी. स्टेपनी गेलेली, आणि कुलूप गेलेले. दादा, चोराने साखळी ठेवली आणि कुलूप नेले! म्हणजे वस्तू चांगली होती. प्रतिभा मला एका शब्दाने बोलली नाही, यावरून तिच्या मनाचा मोठेपणा लक्षात यावा.

मालेगावात अन्सार रॉड जोडून घेत होता, तेव्हा ती बाजारात गेली आणि पिशवी भरून आली. दुसरा मुक्काम चांदवडच्या अलीकडे पडला. दिवेलागणीला तिने ढाब्यावरून भात आणि दही मागून घेतले, आणि ट्रेलरच्या पुढ्यात, जिथून कोणीही यावे तिथे, पत्रावळ मांडली. त्यावर दहीभात, गुलाल, हळदकुंकू, टाचण्या टोचलेले लिंबू, बिब्बा, काळी बाहुली आणि मधोमध नारळ. होय दादा, उतारा. (पाणी प्या. मग पुढे वाचा.) तुमच्या सख्ख्या बहिणीने उतारा मांडला. पण काय मांडला! मी जन्मभर तिठ्यावर उतारे पाहून बाजूने गेलो आहे, असा साग्रसंगीत उतारा पाहिला नाही. कुठे शिकलीस, असे मी विचारले तर म्हणाली, "दादाच्या व्याख्यानात." तिच्या लहानपणी तुम्ही गावोगाव अंधश्रद्धेविरुद्ध बोलायला जायचात, तेव्हा तुमची सामानाची पेटी तीच धरायची ना? कोणत्या वस्तूला लोक का भितात, हे तुम्ही एकेक उचलून सांगायचात. ते सगळे तिने तीस वर्षे डोक्यात जपून ठेवले होते. तुमच्या व्याख्यानाचा इतका रोकडा उपयोग आजवर कोणी केला नसेल, तेव्हा रागावण्यापूर्वी या बाजूनेही विचार व्हावा.

त्या ट्रेलरकडे रात्रभर कोणी फिरकले नाही. सकाळी तर ढाब्यावरही कोणी फिरकेना. मागच्या मुक्कामी ट्रकांनी गच्च भरलेले अंगण होते, इथे एकही ट्रक आत वळत नव्हता. ढाबेवाला लांबूनच हात जोडून म्हणाला, "ओ ताई, त्ये तेवढं उचला ना. सकाळपासून एक गाडी आत येईना. लय नुकसान हाय माझं." अन्सार पिकअपच्या टपावर चढून बसला होता. "भाभी, पहले ये हटाओ. मैं नहीं लांघनेवाला." ज्याने ट्रेलरचे रक्षण केले तोच आता ट्रेलरला हलू देईना! मी थोडा लांब उभा होतो (उन्हासाठी). प्रतिभा मात्र सरळ गेली, पत्रावळीवरचा नारळ उचलला, दगडावर फोडला आणि सगळ्यांसमोर खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला. अगदी तुम्ही चौकाचौकात करता तसा. "काही होत नाही हो," ती म्हणाली, "माझा भाऊ तर याची चटणी करून खातो. घ्या." तिचा तो ताठ कणा, हातात खोबरे, केस वाऱ्यावर उडताहेत. दादा, मला तुमच्या घराण्याचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

पण इथेच घोटाळा झाला. तुम्ही शर्ट-पँट घालून, माइक हातात घेऊन नारळ खाता, म्हणून लोक टाळ्या वाजवतात. कपाळाला घामाने कुंकू पसरलेली, गुलालाने हात माखलेली बाई उतारा खाते म्हटल्यावर लोकांनी काढायचा तोच अर्थ काढला. रस्त्याकडेला ट्रक थांबवून पाहणाऱ्यांतले एक म्हातारे ड्रायव्हर पुढे होऊन तिच्या पाया पडले. दुसऱ्याने फोटो काढला. आम्ही वडाळीभोई सोडेपर्यंत तो फोटो ट्रकवाल्यांच्या ग्रुपांवर पोहोचला होता. खाली मजकूर असा की या ट्रेलरवाल्या बाई फार कडक आहेत, उतारा पचवतात, त्यांच्या गाडीला हात लावणाऱ्याचा हात झडतो. ओझरला टायरमध्ये हवा भरणाऱ्याने चाकाला शिवण्यापूर्वी तिची परवानगी मागितली.

आता ट्रेलर इथे आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर उभा आहे. फळी रोज वर जाते. रस्सा उकळतो. वास असा सुटतो की मेलेल्याने उठून पाव मागावा. आणि लोक येतात हो, पुष्कळ येतात! पण मिसळीला नाही. नव्या मोटारसायकली घेऊन येतात. "ताई, गाडी चोरीला जाऊ नये म्हणून तेवढं लिंबू बांधून द्या." रिक्षावाले येतात, काल एक जण चक्क ट्रॅक्टर घेऊन आला. ती प्रत्येकाला समजावते की असले काही नसते, चोरी कुलपाने थांबते. त्यावर ट्रॅक्टरवाला म्हणाला, "मग तुमचं कुलूप कुठं गेलं म्हनं?" (हे मीच त्याला सांगितले होते, गप्पांच्या ओघात.) ती म्हणते, लिंबू नाही, मिसळ खा. की लगेच प्रत्येकाला उपास. सोमवारी उपास, गुरुवारी उपास, शनिवारी उपास हे मी समजू शकतो, पण बुधवारीही उपास! कुंभमेळ्यातही मी नाशकात इतके उपास पाहिले नाहीत. खरे कारण शेजारच्या किराणावाल्याने सांगितले: बाईच्या हातचे भारलेले असते, कोण खाणार? आम्ही दोघेच खातो. मी अप्रतिम म्हणतो, कारण ती अप्रतिमच आहे. परवा मी सहज म्हणालो की लिंबेच बांधू या, धंदा आपोआप चालून आला आहे. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेने चोरसुद्धा कुलूप परत आणून देईल. "मिसळ विकायला नोकरी सोडली," म्हणाली, "भीती विकायला नाही." अशी बाई माझ्या घरात आहे, याचे मला अजून नवल वाटते.

असो. वहिनींना नमस्कार सांगावा. गुडघ्याला तेल लावावे. चुका लाल शाईने दुरुस्त करून पत्र परत पाठवले तरी चालेल.

तुमचा,
रवी

ता. क. : तेवढ्यासाठी पत्र लिहिले असे समजू नका, पण येत्या रविवारी तुम्ही तुमच्या सगळ्या साथींना घेऊन या. फलक, माइक, पेटी, सगळे आणा. इथे चौकात उतारा मांडा, नारळ खा, लिंबू खा, हवे तर बाहुलीही खा. पण त्यावर सगळ्यांसमोर प्रतिभाची मिसळ खा. या भागात तुमच्या शब्दाला मान आहे. तुम्ही खाल्लीत की लोक खातील. नाहीतर हा ट्रेलर तिला विकावा लागेल, आणि तो विकताना मला पाहवणार नाही.

ता. क. दुसरा : मी लिहिले हे तिला ठाऊक नाही. भाऊबीजेला तुम्ही म्हणालात, "मिसळ बरी आहे, पण बरी मिसळ नाशकात घरोघरी मिळते, नोकरी सोडू नकोस," आणि तिने तुमच्या पुढचे ताट उचलले. तेव्हापासून ती तुमचे नाव काढत नाही. म्हणून सहज इकडून चालला होतात असे दाखवून या. पाकीट नीट चिकटवले आहे, त्यामुळे पोस्टात टाकायला तिच्याच हाती देतो.

ता. क. तिसरा, प्रतिभाच्या हातचा : दादा, पाकीट मी उघडलं. यांनी लिहिलंय ते सगळं खरं आहे, फक्त उतारा मांडताना माझे हात लटपटत होते ते लिहिलेलं नाही, कारण हे तेव्हा व्हॅनमध्ये तोंडावर पांघरूण घेऊन पडले होते. साथींना आणू नकोस. माइक नको, भाषण नको. यांना माझ्या हातचं सगळंच अप्रतिम लागतं, करपलेलंसुद्धा. त्यामुळे लोक उताऱ्याला भिऊन येत नाहीत की माझा रस्साच बेताचा आहे, हे मला अजून कळलेलं नाही, आणि रात्री झोप लागत नाही ती त्याने. तोंडावर खरं सांगणारा मला तू एकटाच आहेस, त्यावरूनच तर आपलं भांडण झालं. या वेळी ताट उचलणार नाही. रविवारी ये. उपाशी ये.