शेवटच्या गाण्याला शिट्टी

अण्णा, काल जालन्यात तुमच्या नातीच्या बँडचा पहिला अल्बम निघाला, त्याचा कार्यक्रम झाला. साउंड मीच लावला होता. पार पडलं एकदाचं. आठ दिवस भीतीनं धड झोपलो नव्हतो.

कशाची भीती होती ते तुम्हाला ठाऊक आहे. हसनाबादचा सप्ताह आठवा. तुमचा जावई होऊन मला महिना झालेला, तुमच्या साउंडच्या धंद्यात मी नवाच. गवळण रंगात आली, मीही मान डोलवायला लागलो, आणि माइकनं अशी शिट्टी मारली की गाणाऱ्या बुवांनी कानांवर हात ठेवले. वायर खराब आहे, असं मी सगळ्यांदेखत म्हणालो. तुम्ही मला कर्ण्यामागं नेलंत. ‘‘वायरला बोल लावू नको. ध्यान तुझं गेल्तं. गाणं लोकायसाठी असतंय, आपण शिट्टीवर कान ठेवायचा. बिलकुल हलायचं न्हाई.’’ त्यानंतर पंचवीस वर्षं मी कार्यक्रम करतोय, पण धड गाणं एकही ऐकलं नाही.

कालही तसाच बसलो. पोरगी गातेय, एक मित्र गिटार वाजवतोय, दुसरा संबळ, आणि मी बटणांवर बोटं ठेवून शिट्टीची वाट पाहतोय. तिचा दिवस माझ्या हातून नासू नये, एवढंच डोक्यात. सहा गाणी सुखरूप गेली. सातव्या, शेवटच्या गाण्याला ती माइकजवळ आली आणि अगदी तुमच्या हेलात म्हणाली, ‘‘मागं आवाज येऊन राह्यला का?’’ प्रत्येक कार्यक्रमाआधी तुम्ही हेच विचारायचात. तुम्ही गेलात तेव्हा ती आठ वर्षांची होती, तरी तिनं ते जपलं आणि त्याचं गाणं केलं. मला पत्ताच नव्हता. मागच्या रांगा ओरडून उत्तर देऊ लागल्या, ‘‘येऊन राह्यला!’’ मी बटणं सोडली, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ऐकत बसलो. रडलोही.

आणि शिट्टी वाजलीच. पोरीनं मान जरा मागं घेतली, हसली, पुढची ओळ उचलली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पंचवीस वर्षं ज्याला भ्यालो ते एवढंच होतं. फार हलकं वाटलं, अण्णा.

हे पत्र मिक्सरच्या खोक्यातच राहील. एक सांगायचं राहिलं. सामान भरताना तिनं विचारलं, ‘‘पप्पा, शिट्टी कशी काय वाजली?’’

मी म्हणालो, ‘‘वायर खराब हाय, बाई.’’