घोड्याचं तोंड पटाकडे

रविवार, १२ जानेवारी १९३६

बायकोचा, नईमाचा, खोकला उतरला. लेक शमाची कंबर अजून धरलेली. तिचा अनीस ठणठणीत. माझे गुडघे जुन्या खाटेसारखे कुरकुरतात — चालायचंच.

उद्या शाळेत पोरांचे बुद्धिबळाचे सामने. अनीसला म्हटलं, घाई करू नको. तर म्हणतो, "नाना, तुम्ही प्यादी खेळता का मिरच्या वाळत घालता?"

सोमवार, १३

अनीससमोर नदीकाठच्या पाड्यावरचा वाहरू बसला. भिलाचं पोर. सुरुवातीलाच त्याने घोडा फुकट पुढे टाकला — शह! मास्तर हसले. मी नाही.

आपल्या देशी खेळात राजाला एकदा घोड्यासारखी उडी घेता येते. शह बसला की ती उडी बाद. घोडा देऊन उडी घालवायची, मग वजीर-उंट घेऊन तुटून पडायचं — हा डाव माझ्या लेकाचा, रमजानचा! दुसऱ्या कुणाचाच नाही. प्रकाशा गावच्या नदीच्या पुरात तो वाहून गेला, तेव्हा डावही गेला असं धरून होतो.

अनीसने घोडा मारला. वाहरूने तो उचलून पटाशेजारी ठेवला, तोंड पटाकडे करून. म्हणाला, "त्याले बी देखू दे."

रमजानचेच शब्द. रमजानचीच सवय.

अनीस हरला. मी वाहरूला विचारलं, कुणी शिकवलं? म्हणे, बानं.

नईमा दर जुमेरातीला फातेहाचा मलिदा करते. घरातल्या सगळ्या गेलेल्यांची नावं घेते, रमजानचं घेऊ देत नाही. मय्यत कुणी पाहिली, म्हणते. वेडी म्हणायचो. आज वाटतंय — असेल का पोर कुठे?

मंगळवार, १४

वाहरूचा बा इंद्रसिंग बाजारात भेटला. त्या पुरात एक जवान माणूस त्याच्या काठाला लागला होता. पाय मोडलेला, ताप डोक्यात चढलेला. नाव सांगेना, गाव सांगेना. जरा बरं वाटलं की खडे मांडायचा, इंद्रसिंगला समोर बसवायचा. दिवाळीपर्यंत तगला.

"तुमनी रीत आमले ठाऊक नही व्हती, चाचा. मोहाना झाडखाले गाडं त्याले."

तोंड कुणीकडे केलं, विचारलं. आमच्यात मय्यतीचं तोंड काब्याकडे करतात.

"नदीकडे. म्हटलं, त्याले बी देखू दे."

बुधवार, १५

नईमाला सांगायला तोंड उघडतो. पाणी मागतो.

जुमेरात, १६

सांगितलं. रडली नाही. मलिद्याची थाळी माझ्यापुढे सरकवली. म्हणाली, "तुम्ही उठून गेलात की मी दर वेळी त्याचं नाव घेतच आले. तुम्हाला सोसलं नसतं. आज तुम्ही घ्या."