झोप न आणणाऱ्या गोळीविषयी मामाची तक्रार

मुर्री, मंगळवार

चि. भूमिकास मामाचा आशीर्वाद. नागपूरला औषधांच्या दुकानात दिवसभर उभं राहून तुझे पाय दुखत नसतील, अशी आशा आहे. तुझी मामी ठणठणीत आहे. माझी विचारपूस तू केलेली नाहीस, तरी सांगतो, मी जागा आहे. सकाळी जागा, दुपारीही जागा, आणि याला जबाबदार तू आहेस.

मळणी सुरू झाली की धानाचा भुसा माझंच नाक शोधत येतो, हे तू लहानपणापासून पाहिलं आहेस. (एका दमात एकोणीस शिंका. मोजल्या शेजारच्या चुन्नीलालने, मला सवड नव्हती.) त्यावर माझी जुनी गोळी होती. ती शिंका थांबवायची आणि वर दुपारची दोन तास झोप द्यायची. घरात कोणी ब्र काढत नसे, कारण औषधाची झोप म्हणजे आजारपण. पण गावच्या मंडईच्या जत्रेची बैठक चालू असताना मला डुलकी लागली, मान खाली-वर झाली आणि पंचांनी तोच होकार धरला. जत्रेत दंडारीचं नाटक करणाऱ्या बावीस जणांचं जेवण आमच्या अंगणात! सगळे पोटभर जेवले, वर मागून मागून जेवले. दुसऱ्या दिवशी मामीने जुनी गोळी जप्त केली, मला डॉक्टरकडे ओढत नेलं आणि ही नवी लिहून आणली.

आता तुझं ऐक. तू गोळ्या पाठवल्यास, सोबत पिशवीभर संत्री पाठवलीस, आणि चिठ्ठीत लिहिलंस की गोळी पाण्यासोबत घ्या, फळांच्या रसासोबत नको, गुण कमी येतो. मग दोन्ही एकाच पिशवीत कशाला घातलीस? मी चिठ्ठी मागाहून वाचली. चार दिवस रसासोबत गोळी घेतली, चार दिवस शिंकलो आणि दोष तुला दिला. (तो परत घेत नाही.) पाचव्या दिवशी म्हटलं दोन घ्याव्या, तर चिठ्ठीत खाली लाल शाईने लिहिलेलं, दिवसाला एकच, आणि पित्ताचं औषध तिच्या लगोलग नको. शेवटी पाण्यासोबत घेतली. शिंका थांबल्या, हा अपमान वेगळाच.

बरं, मी फोनवर विचारलं, ही झोप उडवते का? तू म्हणालीस, नाही मामा, ही शक्यतो झोप आणत नाही आणि उडवतही नाही. आली तर ती बहुतेक तुमची स्वतःची. हे तू स्पीकरवर बोललीस, मामीच्या समोर! तेव्हापासून दुपारी माझा डोळा लागला की ती म्हणते, "हे औसद नाही जी, हा आळस होय. नाकाले फडकं बांधा अन् भुसा भरा." इतक्या वर्षांचं माझं आजारपण तू एका वाक्यात काढून घेतलंस.

रागात लिहिलं आहे, रागातच वाचावं.

तुझा जागा मामा,
शालीकराम

ता. क. रविवारी दरेकशाचा योगराज आमच्या नीतूला पाहायला येतो आहे. मुलगा तिच्या मनात भरला आहे. माझ्या मनात दरेकशाचं जंगल, तिथला फुलोरा आणि माझं नाक आहे. याआधी तीन स्थळं मी जागेपणी परत पाठवली (एक तर नुसतं हसण्यावरून). काल वाढता वाढता नीतू हळूच म्हणाली, "बाबा, रविवारी जुनीच गोळी घेजा ना जी." तेव्हा जुनी एकच गोळी पाठव. मामीला कळू देऊ नकोस.

ता. क. दुसरा. पाठवू नकोस. नवीच घेतो. सकाळपासून आरशासमोर मान हलवून पाहतो आहे, जागेपणीही जमते. नीतूला तेवढं खरं सांग. बाकी कोणीही विचारलं, तर मला डुलकी लागली होती.