विश्रांतीचा वार

सोमवार, ४ ऑगस्ट २०२५

घातलं एकदाचं नाव. शेजारच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर जिम आहे, दुपारी बायकांची बॅच. दुपारी हे झोपतात तेवढाच वेळ मला मिळतो. दाराला बाहेरून कडी लावून गेले. जिना उतरताना सारखं मनात — आपण माणसाला कोंडून चाललोय.

डॉक्टरांनीच सांगितलं. "हिंदुरावांचं मी बघतो. तुमचे स्नायू कोण बघणार? वयाप्रमाणे झिजतायत. औषध एकच, वजनं उचला." म्हटलं, उचलते की रोज. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून बाथरूमला, तिथून परत. झटका आल्यापासून ह्यांचं उजवं अंग गेलं, पण देह तोच राहिलाय, कंपनीच्या कबड्डी टीममधला. डॉक्टर हसले. "ते उचलणं तुम्हाला खातंय. मी वाढवायचं म्हणतोय."

ट्रेनर जिज्ञासा नावाची मुलगी. अंबरनाथहून येते. बारीक चण, दंड मात्र बघत राहावेत असे. म्हणाली, "काकू, आधी आठवडा ठरवू. स्प्लिट कोणता घ्यायचा?" मग तीन प्रकार सांगितले. फुल बॉडी, म्हणजे आठवड्यातून तीनदा आणि दर वेळी सगळं अंग. अप्पर-लोअर, म्हणजे एक दिवस कमरेच्या वरचं, एक दिवस खालचं. आणि पुश-पुल-लेग्स — ढकलायचा दिवस वेगळा, ओढायचा वेगळा, पायांचा वेगळा. "तो पोरं करतात, आपल्याला नको. आणि काकू, मसल व्यायाम करताना वाढत नाही, रेस्टला वाढतो. तुमचा रेस्ट डे कोणता?"

इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.

बुधवार, ६ ऑगस्ट

शाळेतले लाकडी डंबेल्स आठवत होते आज. शनिवारची पी.टी., पांढरे कॅनव्हास, आदल्या दिवशी ओल्या खडूने रंगवलेले. सिस्टर बर्नाडेट शिट्टी फुंकायच्या आणि सगळा वर्ग लाकडावर लाकूड आपटायचा — एकच आवाज. "बॅक्स स्ट्रेट, गर्ल्स!" त्या आवाजात आपण एकट्या नसायचो. व्हरांड्यात मराठी बोललं की उभं करायच्या. म्हणूनच असेल, मनातलं मी कायम मराठीत लिहीत आले.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

अप्पर-लोअर ठरलं. पट्टीने रेघा मारून टाइमटेबल केलं, शाळेसारखं. सोमवारी पाय, कारण अवघड विषय पहिल्या तासाला.

श्रावण संपेपर्यंत अंडी नाहीत म्हटल्यावर जिज्ञासाने कपाळावर हात मारला. "काकू, मसल श्रावण पाळत नाही." शेवटी पनीर, सोयाबीन, मूग यावर तडजोड.

हे बघत होते. "काय... लिहि... तेस?" बोलणं अजून असं तुकड्यातुकड्यात येतं. म्हटलं, टाइमटेबल. "कॉन्व्हेंट," म्हणाले. लग्नापासून मला चिडवायचं ते हेच. तेवढा शब्द मात्र अख्खा येतो.

सोमवार, ११ ऑगस्ट

पाय झाले! स्क्वॉट, लंज, आणि ते पायांनी ढकलायचं मशीन. जिना चढताना कठडा धरून हसू येत होतं. पुष्कळ दिवसांनी हे अंग माझं वाटलं.

मंगळवार, १२ ऑगस्ट

आजचं लिहून ठेवते.

सकाळी उठले तेव्हाच मांड्या लाकूड झालेल्या. तरी ह्यांना बाथरूममध्ये नेलं. उठवताना माझे गुडघे दुमडले. काहीच झालं नाही, नुसते दुमडले, जसे कुणा दुसऱ्याचे असावेत. मी खाली, हे माझ्या पायांवर. मला हलता येईना, त्यांना उठता येईना. फोन बाहेर. किती वेळ बसलो माहीत नाही. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर. एकदा म्हणाले, "लाग... लं?" म्हटलं, नाही हो.

बाथरूमच्या, डक्टकडे उघडणाऱ्या खिडकीतून हरेशभाईंना हाका मारल्या. सिंधी आहेत, शेजारीच राहतात, आमची एक चावी त्यांच्याकडे असते. उल्हासनगर कॅम्प दोनला झिप-बटणाचं दुकान आहे, निघायच्या तयारीत होते. धावत आले आणि दारातच थबकले.

"अरे भाभी, ये क्या, दोनो कबड्डी खेल रहे हो?" मग ह्यांच्या काखेत हात घालून, "चलो साईं, उठो. आपल्या बायकोला आऊट करतात काय सकाळी सकाळी?"

हे हसले. मीही हसले. ते गेल्यावर मग स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

बुधवार, १३ ऑगस्ट

हरेशभाईंनी सुजितला कळवलं. चांगल्या मनाने केलं, पण केलं. पुण्याहून फोन.

"आई, आता मी ऐकणार नाही. कर्जत रोडला एक सेंटर आहे, चौकशी केलीय मी. नर्स, फिजिओ सगळं आहे. बाबांना तिकडे ठेवू, तू आमच्याकडे ये."

"त्यांना तिकडे टाकून?"

"टाकून काय गं. शब्द काय वापरतेस."

"मग कुठला वापरू?"

मग ऑफिसात बोलतो तसा बोलला. "ठीक आहे. दिवाळीला येतो तेव्हा मला बाबांना उचलून दाखव. एकटीने, कुणालाही लागू न देता. जमलं तर विषय बंद. नाही जमलं तर मी बेड बुक करणार."

म्हटलं, चालेल.

ठेवल्यावर लक्षात आलं, फोन स्पीकरवर होता. हे डोळे मिटून पडले होते, पण झोपलेले नव्हते. मी पायावर हात ठेवून म्हटलं, "काळजी करू नका. मी कुठेही पाठवत नाही तुम्हाला." डोळे उघडले नाहीत.

गुरुवार, १४ ऑगस्ट

जिज्ञासाला सगळं सांगितलं. तिचा चेहरा उतरला. "काकू, तुम्ही काकांना रोज उचलता हे मला बोलला नाहीत. तो तुमचा रोजचा लेग डे आहे! त्यावर मी सोमवारी आणखी पाय दिले."

मी सांगितलं नव्हतं खरंच. तो व्यायाम आहे असं मला वाटलंच नव्हतं. ते घरचं काम.

टाइमटेबल फाडलं. नवीन असं — पाय फक्त शनिवारी. शनिवार-रविवार गोदू येते, ह्यांना उठवायला-बसवायला. बाकी दिवस ती दुसरीकडे बांधलेली. मंगळवारी आणि गुरुवारी वरचं अंग, पाठ आणि खांदे. रविवार पूर्ण विश्रांती, म्हणजे ह्यांना हातसुद्धा लावायचा नाही. "हे पाळलं नाहीत तर मी शिकवणार नाही," म्हणाली. सिस्टर बर्नाडेट शोभली.

मग वजनं न लावलेली काठी देऊन वाकायला शिकवलं. पाठीतून नाही, कमरेतून. "वजन अंगाशी पाहिजे, काकू. लांब धरलंत की ते जड होतं."

रविवार, १७ ऑगस्ट

पहिला विश्रांतीचा वार.

गोदू जांभूळ गावातली, तोंडाने फटकळ. मी दोनदा उठले, दोनदा ओरडली. "काकी, तुमी उठायचा नाय. त्या पोरीनी सांगलाय ना? बसा गप." ह्यांना तिच्या हातून उठताना बघवेना, म्हणून गॅलरीत जाऊन बसले. कॉफी केली. गरम असतानाच संपवली. खालून पोरं सायकली घेऊन जात होती, कोणाकडे तरी मासे तळत होते, श्रावण न पाळणारं घर. काय करायचं ते सुचेना आणि काही करायचंही नव्हतं.

तेव्हा एक विचार आला. लिहूनच टाकते. हे तिकडे असते तर रोजच असं.

लगेच उठले आणि गोदूला न जुमानता ह्यांचा चहा मीच नेला.

मंगळवार, ९ सप्टेंबर

संध्याकाळी पलंगाशी उभी राहून वाकायचा सराव करते. हे मोजतात. डॉक्टरांनी त्यांना बोलायचा सराव सांगितलाय, तो असा होतो.

लग्न झालं तेव्हा अंबरनाथच्या चाळीत हे पहाटे बैठका मारायचे आणि मी मोजायची, वन, टू, थ्री. म्हणायचे, "मराठीत मोज गं. इंग्रजीत दम लागतो." चाळीतल्या बायका गॅलरीतून तोंडाला पदर लावून बघायच्या. मला लाज वाटायची, आणि अभिमानही.

आता ते मोजतात. साताच्या पुढे नऊ येतात. माझं एक वाकणं वाचतं, मी दुरुस्त करत नाही.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

उमाचा फोन उल्हासनगरहून. आमच्या वर्गातल्या मुली जमतायत. मुली! येत्या बुधवारी, तिच्या घरी. म्हटलं, शनिवार-रविवार असता तर. म्हणाली, "बाकीच्यांना नातवंडं असतात गं शनिवार-रविवारी."

मग तिला जिमचं सांगितलं. हसत सुटली. "अगं, एवढी ताकद कमावून जाणार कुठे आहेस?"

"संडासापर्यंत," म्हटलं.

दोघी हसलो. ती आधी थांबली.

शनिवार, २७ सप्टेंबर

पाय झाले. उचलायचं वजन वाढलं. जिज्ञासाने टाळी दिली.

सुजितने त्या सेंटरच्या बाईंना व्हिडिओ कॉल करायला लावलाच. म्हणे, बघून तर ठेवा. त्यांनी फोन फिरवत खोल्या दाखवल्या, बाग दाखवली, मग हॉल. चार म्हातारे कॅरम खेळत होते. एक खुर्चीतला, डाव्या हाताने स्ट्रायकर मारत होता. "अरे, लाल घे, लाल!" असा आरडाओरडा चाललेला. हे मान उचलून बघत होते. फोन माझ्या हातातून घ्यायला धडपडत होते. मला बघवेना. नंतर बोलू म्हणून बंद केला. कशाला त्यांच्या जिवाला घोर.

जेवले नाहीत नीट. घाबरलेत. मी मनाशी म्हटलं, दिवाळीपर्यंत काय वाट्टेल ते करीन.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

उचललं. ह्यांना, एका दमात, मधे न टेकता. गुडघे गप्प.

शनिवार, ११ ऑक्टोबर

आता रोज जमतं. हरेशभाई जिन्यात भेटले. "भाभी, कल से मेरे दुकान का शटर आप ही उठाओ." म्हटलं, शटर बोलत नाही ना, मग सोपं आहे.

आरशात दंड दिसतो. बाही वर करून बघितला, दार लावून. या वयात! कोणाला दाखवणार? ह्यांना दाखवला. डाव्या हाताने चाचपून बघितला, बराच वेळ. डोळे भरून आले त्यांचे. हल्ली चटकन भरतात.

घर, जिम, घर. या दोन बिल्डिंगांच्या मधली वाट सोडून मी कुठे गेले नाहीये. जेवढी मजबूत होतेय, तेवढं इथलंच सगळं मजबूत होतंय.

रविवार, १९ ऑक्टोबर

सुजित आला. फराळाला बसल्या बसल्या ह्यांच्याकडे बघून मला म्हणाला, "उद्या पहाटे अंघोळीला बाबांना तूच न्यायचं. मी हात लावणार नाही." मी म्हटलं, बस आणि बघ.

विश्रांतीचा वार होता. पाळला. गोदू जाताना माझ्या पाठीला तेल चोळून गेली.

सोमवार, २० ऑक्टोबर, नरकचतुर्दशी

उटणं लावलं, तेल लावलं. तेलाने अंग निसटतं हे मी धरलंच नव्हतं! सुजित भिंतीशी हाताची घडी घालून उभा. मी पाय रोवले, ह्यांना अंगाशी घेतलं, कमरेतून वाकले आणि उठले. खुर्चीत. खुर्चीतून बाथरूममधल्या स्टुलावर. अंघोळ. परत. पलंगावर टेकवताना उशीसुद्धा हलली नाही.

सुजितच्या डोळ्यांत पाणी. मला मिठी मारली. "आई, मी हरलो. सेंटरला आत्ताच नको म्हणून कळवतो." आणि तिथेच उभ्या उभ्या कळवलं. मग ह्यांच्या खांद्यावर थोपटून, "बाबा, आता कसली चिंता नाही. आई अजून दहा वर्षं आरामात उचलेल तुम्हाला."

सगळे हसलो. हे भिंतीकडे बघत होते. थकले असणार.

दिवसभर करंज्या, फोन, रांगोळी. मी जिंकले. दुपारी ताटं आवरताना मात्र हात मधेच थांबत होता. दहा वर्षं.

बुधवार, २२ ऑक्टोबर, पाडवा

सुजित सकाळी गेला. संध्याकाळी ह्यांना ओवाळलं. ताट पुढे करून म्हटलं, काय घालणार? डावा हात आला, ताटावर न थांबता माझ्या हातावर.

"मला... जायचं... होतं. तिकडे."

म्हटलं, मग बोलला का नाहीत?

"तू एवढी... मेहनत... घेत होतीस."